मिरज ते लातूर : पाण्याच्या वाटेने

मिरजेहून लातूरकडे जाणारा लोहमार्ग पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव अशी वळणे घेत जातो. पूर्वी येथे बार्शी लाईटची अरुंद गाडी धावत असे, आणि आमच्या आजोळची तुरीची पोती तिनेच ये-जा करीत. पण हा मार्ग साऱ्या देशाला ठाऊक झाला तो पाण्यामुळे. १२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे १० टाक्यांतून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन 'जलदूत' लातुरात आली. पुढे ५० टाक्यांची गाडी येऊ लागली व ऑगस्टपर्यंत हा क्रम चालला.

त्या उन्हाळ्यात मी मामांकडे होतो. टँकरचे पाणी घरी आले की मामी नेहमीप्रमाणे दुहेरी गाळण्याने गाळीत. परंतु गाळून उरलेली जिवाणी ज्या जलाशयाचे पाणी त्यातच सोडावी, असा आपला आचार. अंगणातील विहीर कोरडी, आणि पाणी तर साडेतीनशे किलोमीटरवरून आलेले. "आता ही कुठं सोडू रे?" असे त्यांनी विचारले. मजजवळ उत्तर नव्हते.

यंदा श्रावणाच्या तोंडावर पुन्हा त्याच गाडीने निघालो. बार्शी मागे पडल्यावर खिडकीतून सोयाबीनची रोपे दिसली, माना टाकलेली. मृगात चांगला पाऊस झाला होता, मग तीन आठवडे थेंब नाही. डब्यातील एक शेतकरी म्हणाले, "आता येईल तो एकदम येईल, अन् माती घेऊन जाईल."

लातूर हे वाळवंट नव्हे. येथे वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जैसलमेरला याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी. २०१६ सालीच, जलदूत थांबल्यावर थोड्याच दिवसांत अतिवृष्टी झाली आणि मांजरा धरण भरले. ज्या वर्षी आगगाडीने पाणी आणले, त्या वर्षाचा एकूण पाऊस कागदावर उत्तमच दिसतो! व्यापाऱ्याला हे उमजणे अवघड नाही. दिवाळीला भरपूर विक्री झाली, तरी हुंडीची मुदत आषाढात भरणार असेल आणि तेव्हा गल्ला रिकामा असेल, तर वर्षाची बेरीज काय कामाची?

हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. म्हणून पडतो तेव्हा पाऊस कोसळतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले की मध्य भारतात १९५० पासून विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, तर पावसाची एकूण सरासरी मात्र घटली. त्यात मराठवाड्याची भूमी बेसाल्टच्या कातळाची. काळी माती भिजताच फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि जोराचे पाणी मुरण्याऐवजी ओढ्याने निघून जाते. तेच पाणी दहा दिवस रिमझिम पडले असते तर विहिरीपर्यंत पोहोचले असते.

मामांनी आता गोदामाच्या पत्र्यावरचे पाणी नळीने विहिरीत सोडले आहे. डाळ गिरणीतील इतर मंडळी हसली होती. यंदा दोघांनी नळ्यांचे माप विचारून नेले.

मी पोहोचलो तेव्हा मामी विहिरीपाशीच होत्या. तळाशी पाणी चमकत होते. खाली कडी असलेली बादली त्या सावकाश सोडीत होत्या. दोर मात्र नवा होता, पूर्वीपेक्षा बराच लांब.