आधी बघा तरी

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दिवाळी उलटली की इथली निम्मी घरं कुलूपबंद होतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता', तो ऊसतोडीला निघतो, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. पोरं आजीजवळ राहतात, नाहीतर हंगामी वसतिगृहात. या गावातल्या बायकांविषयी मला काही सांगायचं आहे. पण ते मला कळलं माझ्या स्वतःच्या दुखण्यातून, म्हणून आधी माझंच सांगते.

पंचेचाळिशीच्या सुमारास माझी पाळी बिघडली. कधी तीन आठवड्यांत यायची, कधी दोन-दोन महिने पत्ता नसायचा. आणि आली की अंगावरून इतकं जायचं की चौथीच्या वर्गात मुलांकडे पाठ करून फळ्यावर लिहायची मला धास्ती वाटायची. गडद रंगाच्या साड्या नेसायच्या, पदर मागून ओढून घ्यायचा, मधल्या सुट्टीपर्यंत खुर्ची सोडायची नाही. रक्ताच्या गाठी पडायच्या. रात्री गादीवर जुनं लुगडं घडी करून अंथरायचं आणि पहाटे तीनला टक्क जागं व्हायचं. शाळेचा चढ चढताना धाप लागायची. ज्या मुलांना पहिलीपासून शिकवलं त्यांची नावं ओठावर येऊन अडायची. स्वभावही पार बदलला होता. क्षुल्लक कारणावरून मुलावर ओरडायचे आणि मग न्हाणीघरात जाऊन रडायचे.

सल्ले दोनच मिळाले. एक, "या वयात असंच असतं, जाईल आपोआप." दुसरा माझ्या जाऊबाईंचा: "पिशवी काढून टाक. मी काढली, कटकट गेली." तालुक्याच्या एका डॉक्टरांनी सोनोग्राफी करून घेतली. रिपोर्टात गर्भपिशवीला सूज आणि एक लहानशी गाठ होती. डॉक्टर म्हणाले, "दोन मुलं आहेत ना? मग पिशवीचं काम संपलं. काढून टाकू. उद्या कॅन्सर झाला तर काय करणार?" मला कुणी तपासलं नव्हतं. रक्त किती आहे तेही कुणी पाहिलं नव्हतं. कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर आमच्या घरात त्या रात्री कुणी नीट जेवलं नाही. ह्यांनी तर सोसायटीतून कर्ज किती मिळेल याची चौकशीही सुरू केली.

माझी धाकटी बहीण लातूरला असते. तिनं हट्टानं मला तिकडच्या एका डॉक्टर बाईंकडे नेलं. त्यांनी सोनोग्राफीचा कागद बाजूला ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "पॅड किती वेळानं बदलावं लागतं?" मग गाठी केवढ्या पडतात, रात्री उठावं लागतं का, घाम येतो का, लघवीला जळजळ होते का, नवऱ्याजवळ जाताना दुखतं का, असं सगळं विचारलं. इतक्या वर्षांत हे प्रश्न मला कुणी विचारले नव्हते, घरच्यांनीही नाही आणि दवाखान्यातही नाही. उत्तरं देताना मला रडू आवरेना. त्यांनी घाई केली नाही.

हिमोग्लोबिन निघालं ८.२. बाईचं ते किमान १२ तरी असावं लागतं. धाप, थकवा आणि विसराळूपणा, यातला बराचसा भाग नुसत्या रक्तक्षयाचा होता. थायरॉइडची तपासणी ठीक आली. पिशवीच्या आतल्या अस्तराचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. पंचेचाळिशीनंतर असा रक्तस्राव होत असेल तर ही तपासणी करायलाच हवी, असं त्या म्हणाल्या. त्यात कॅन्सरचं काहीही नव्हतं. ज्या भीतीपोटी मी पोट फाडून घ्यायला निघाले होते, तिचं उत्तर दवाखान्यातल्या काही मिनिटांच्या तपासणीत मिळण्यासारखं होतं.

मग त्यांनी मला समजावलं. दर महिन्याला अंडाशयातून बीज बाहेर पडतं, तेव्हा प्रोजेस्टेरॉन तयार होतं आणि अस्तराची वाढ आटोक्यात राहते. चाळिशीच्या मध्यावर काही महिने बीज सुटतच नाही. इस्ट्रोजेन मात्र वर-खाली होत राहतं, कधी तर पूर्वीपेक्षाही जास्त असतं. मग अस्तर जाड होत जातं आणि एकदम सुटतं. म्हणजे हार्मोन सरळ रेषेत कमी होत नाहीत, ते हेलकावे खातात. म्हणूनच या वयात एका दिवसाच्या रक्तावरून हार्मोनची पातळी सांगण्यात फारसा अर्थ नसतो. आज एक आकडा येईल, पंधरा दिवसांनी दुसरा. पाळी सलग बारा महिने आली नाही की ती गेली म्हणायचं. आपल्याकडे ते वय सरासरी ४६-४७ आहे, युरोप-अमेरिकेत ५१ च्या आसपास. मी तर त्या वाटेवर नुकतीच कुठे लागले होते.

उपचारही सांगते, कारण याची माहिती बायकांना कुणी देत नाही. आधी शिरेतून लोह दिलं. पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या होत्या. आणि पिशवीत एक लहानसं साधन बसवलं. दिसायला तांबीसारखंच, पण ते आतल्या आत थोडं थोडं हार्मोन सोडत राहतं आणि अस्तर पातळ ठेवतं. पहिले काही महिने डाग दिसत राहिले, तेव्हा मी वैतागले होते. नंतर रक्तस्राव नावापुरता उरला. माझी पिशवी जागेवर आहे आणि हिमोग्लोबिन बाराच्या वर.

रक्तस्राव आटोक्यात आला आणि मग वाफा सुरू झाल्या. छातीतून गरम लाट उठायची, मान, कान, चेहरा तापायचा, घामानं ब्लाउज भिजायचा आणि लगेच थंडी वाजायची. पौष महिन्यातसुद्धा. मेंदूत शरीराची उष्णता सांभाळणारं एक केंद्र आहे. इस्ट्रोजेन घटलं की ते फार हळवं होतं, अंग किंचित तापलं तरी घाम काढायला लागतं. आमच्याकडे विहिरीवरच्या मोटरीला ऑटो बसवलेला असतो, लाइट आली की ती मध्यरात्रीही आपोआप सुरू होते. तसंच हे. अनेक बायकांना हा त्रास सातेक वर्षं होतो. सात वर्षं झोपेविना काढणाऱ्या बाईला "सोस" म्हणणं मला निर्दयपणाचं वाटतं.

मला माझी आई आठवली. ऐन थंडीत ती ओट्यावर ओला पदर अंगावर घेऊन झोपायची आणि घरातले म्हणायचे, हिचं डोकं फिरलंय. तेव्हा मी कॉलेजात होते. तिला काय होतंय हे मीही विचारलं नाही आणि घरात दुसऱ्या कुणीही नाही. आता विचारलं तर ती एवढंच म्हणाली, "कोणाला सांगायचं होतं गं?"

हार्मोनच्या औषधांची मला भीती होती. कॅन्सर होतो असं ऐकलं होतं. डॉक्टर बाईंनी त्याचं मूळ सांगितलं. २००२ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मधेच थांबवला गेला, कारण दोन हार्मोन एकत्र घेणाऱ्या बायकांमध्ये स्तनाचा कर्करोग थोडा जास्त दिसला, वर्षाला दर दहा हजार बायकांमागे आठ जास्त. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पुढे याच आकड्यांचा पुन्हा अभ्यास झाला, तेव्हा साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरुवात करणाऱ्या, त्रास असलेल्या निरोगी बायकांना बहुधा फायदाच जास्त होतो असं दिसलं. स्तनाचा कर्करोग झालेला असेल, रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील, यकृताचा आजार असेल तर मात्र ही औषधं द्यायची नसतात. माझं तसं काही नव्हतं. मी कातडीवर चोळायचं इस्ट्रोजेनचं जेल घेते. पिशवी असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन देत नाहीत, अस्तराच्या रक्षणासाठी जोडीला दुसरं हार्मोन लागतं. ते काम आत बसवलेलं साधनच करतं. महिनाभरात मला सलग झोप लागू लागली. लघवीच्या जागी होणाऱ्या कोरडेपणासाठी वेगळं मलम असतं, अगदी थोड्या मात्रेचं. त्याबद्दल तर बायका आपसातही बोलत नाहीत. वर्षानुवर्षं लघवीच्या जळजळीसाठी अँटिबायोटिक घेत राहतात.

प्रत्येक त्रास पाळीचाच असतो असंही नाही. माझ्याच वयाच्या एका शिक्षिकेचं वजन वाढत होतं, केस गळत होते, कातडी कोरडी पडली होती. सगळ्यांनी "पाळी जायची वेळ आली" म्हणून सोडून दिलं. तपासणीत थायरॉइड निघाला. आता रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, चहा त्यानंतर तासाभरानं, आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब. एवढ्यावर ती माणसात आली. "वय झालं, सोसा" आणि "काढून टाका" ही दोन वाक्यं एकमेकांच्या उलटी वाटतात, पण मला त्या दोन्हींत एकच गोष्ट दिसते. दोन्ही म्हणणाऱ्यांनी त्या बाईकडे पाहिलेलंच नसतं.

आणि आता माझ्या गावातल्या बायका.

ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्या जातात त्याची चौकशी करायला २०१९ मध्ये राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. आमच्या जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली आढळली. पुढे खासगी दवाखान्यात हे ऑपरेशन करायचं तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली. हे सगळं मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. पण माझी स्वतःची पिशवी जायची वेळ आली तोवर तो आकडाच होता, माझ्या वर्गातल्या मुलांच्या आया मला त्यात दिसल्या नव्हत्या.

एका पालक सभेत मी वहीनं वारा घेत बसले होते. सगळ्या गेल्यावर एका मुलीची आई मागे थांबली. वय असेल तिशीच्या जरा पुढे. म्हणाली, "बाई, तुम्हालाबी वाफा येत्यात का? मला लई येत्यात. रातच्याला अंगाची आग हुती." मी विचारलं, पाळी? तर म्हणाली, "पिशवीच काढली की. पोरगी दोन वर्षांची व्हती तवा." का काढली? अंगावरून पांढरं जायचं, पोट दुखायचं. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर होईल. ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतली, ऑपरेशन केलं आणि पुढच्या हंगामात फेडली. पाळीच्या दिवसांत काम जमलं नाही की खाडा पडतो, त्याचे पैसे कापले जातात, तेही आता टळेल असं तिला वाटलं होतं. पांढरं जाणं बहुतेक वेळा गोळ्यांनी बरं होणाऱ्या संसर्गानं होतं. ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिला तिच्या ऑपरेशनचा कागद आणायला सांगितला. घडीवर फाटलेला होता. त्यात पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढल्याचं लिहिलं होतं. माझ्या शरीरात जे सावकाश, वर्षानुवर्षं होत होतं ते तिच्यावर तिशी गाठायच्या आत एका दिवसात आलं होतं. अंडाशयं अशी लवकर गेली की हाडं ठिसूळ व्हायला लागतात आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो. अशा बाईला पाळी जायच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन द्यावीत, असं वैद्यकशास्त्र सांगतं. ऑपरेशनच्या वेळी तिच्या हातात वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं. माझे डोळे भरून आले, तशी तीच मला म्हणाली, "बाई, कामून रडता?"

मला चालायला, वजन उचलायला, ऊन घ्यायला सांगितलंय आणि मी ते मनापासून करते. ज्वारीची भाकरी चालूच आहे, जोडीला नाचणी आणते, तिळाची चटणी आणि दही रोज असतं, कारण या वयात दिवसाला हजार-बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं आणि ज्वारीत ते फार कमी असतं. पण जी बाई पहाटेपासून उसाच्या मोळ्या डोक्यावरून ट्रकवर चढवते तिला व्यायाम करा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिला दूध हवं, औषध हवं, विश्रांती हवी. तिला घेऊन मी अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात गेले. कागद पाहून तिथल्या डॉक्टरांनी हार्मोनच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सुरू केल्या. पुढच्या वेळी ती तिच्या धाकट्या जावेला घेऊन आली. तिलाही पिशवी काढायला सांगितलं होतं. तपासणीत संसर्ग निघाला. गोळ्या नवरा-बायको दोघांना घ्यायच्या होत्या. नवरा आधी ऐकेना. मग थोरल्या जावेनं आणि सासूनं मिळून त्याला घ्यायला लावल्या.

गुढीपाडव्याच्या मागेपुढे ऊसतोडीच्या टोळ्या परत येतात. यंदा त्या दिवसांत शाळेत बायकांना बोलवायचं ठरवलं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टर बाई येणार आहेत. रक्त तपासायची सोय होईल. मी घरोघरी एकच निरोप देते आहे: ऑपरेशन झालं असेल तर कागद घेऊन या. बहुतेकींना आपली फक्त पिशवी काढली की अंडाशयंही, हेच माहीत नाही. कागद हरवला असेल तर ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तिथून नक्कल मागायची. एकटीला मागायला भीती वाटत असेल तर मी सोबत येते.