आता मी पुटं दाखवते

धंद्याची रीत बाहेर दाखवू नये, याच मताची मी होते. आमसुलांचा माझा धंदा एकटीचा. झाडावरून रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, काढायला तेवढा गडी येतो. फोडण्यापासून पार्सलवर पत्ता लिहिण्यापर्यंत पुढचं सगळं माझ्याकडे. जाहिरातीला पैसे नव्हते, म्हणून इन्स्टाग्रामवर फोनने काढलेले फोटो टाकायचे, तेही फक्त तयार मालाचे: पितळी वाटीत आमसुलं, शेजारी सोलकढीचा पेला. खळ्यात काय चालतं ते खळ्यातच. दाखवलं तर उद्या शेजारीपाजारीही करू लागतील, ही भीती काही खोटी नव्हती. रातांब्याची झाडं आमच्याकडे घरोघरी आहेत.

फोनवर मात्र तेच ते प्रश्न यायचे. ‘ताई, इतकी काळी कशी? जुना माल आहे का?’ ‘वर पांढरं दिसतंय, बुरशी तर नाही ना?’ ते पांढरं म्हणजे मीठ. आणि काळेपणा येतो पुटांनी. रातांबा फोडून गर आणि बिया वेगळ्या काढायच्या, त्यात मीठ घालायचं, सुटलेल्या रसात सालं भिजवायची आणि उन्हात घालायची. वाळली की पुन्हा रस, पुन्हा ऊन. हे एकेक पुट. पुटं वाढतील तशी साल गडद आणि आंबट होत जाते. वाटीतल्या फोटोत यातलं काय दिसणार?

नाशिकच्या एका काकूंना फोनवर समजावून थकले, तेव्हा खळ्यात जाऊन सालं उलटतानाचा छोटा व्हिडिओ काढला आणि त्यांना पाठवला. त्यांनी तो नातेवाइकांना पाठवला, आणि विचारणा येऊ लागल्या त्या पुटांबद्दलच. तेव्हापासून विषय शोधत बसावं लागलं नाही. ग्राहक जे विचारतात त्याचं उत्तर कॅमेऱ्यासमोर द्यायचं, आणि पुन्हा कुणी विचारलं की तोच व्हिडिओ पाठवायचा.

खर्च जवळपास नाहीच. फोन पाटाला टेकवते. वाऱ्यात आवाज विरतो, म्हणून बोलायचं ते पडवीत बसून, इअरफोनच्या माइकवर. पुष्कळजण आवाज बंद ठेवून बघतात, त्यांच्यासाठी मराठीत अक्षरं टाकते. धंद्याच्या खात्यावर सिनेमाची गाणी सहसा वापरता येत नाहीत. मला त्याचं काही वाटत नाही, सालं पसरतानाचा आवाज मला जास्त आवडतो.

रीत झाकण्याबद्दलचं मत पुरतं बदललं ते 2025च्या मे महिन्यात. पाऊस 25 तारखेलाच तळकोकणात उतरला. एरवी जूनचे पहिले काही दिवस हाताशी असतात. त्या वर्षी शेवटची पुटं राहून गेली. भिजलेला माल ग्राहकाच्या नजरेला पडू द्यायचा नाही, असं पूर्वी मी ठामपणे म्हटलं असतं. त्या दिवशी ओली सालं दाखवली आणि सांगितलं की यंदा माल थोडा आहे, भाव चढा आहे, आणि हा ढीग मी विकणार नाही. भावावरून घासाघीस त्या वर्षी फार थोड्यांनी केली. माझ्या कष्टाची किंमत लोकांना पटवायला मला वर्षानुवर्षं जमलं नव्हतं, ते त्या ओल्या सालांनी केलं.

आणि रीत माझी एकटीची होती तरी कुठे? सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या सगळ्या मुलखाचं आहे. व्हिडिओ बघून गावातल्या काहीजणी विचारायला आल्या. मी त्यांना मिठाचं प्रमाणसुद्धा सांगितलं. त्यांतली एक आता आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, करते, आणि माझ्याकडचं संपलं की मी तिचा नंबर देते.

पुढच्या हंगामात भावाचा हिशोबही मांडायचा विचार आहे: गड्याची मजुरी, मीठ, बरण्या, कुरिअर, आणि माझे दिवस. आईला हे पसंत नाही. घरचा हिशोब घरातच राहावा, असं तिचं म्हणणं आहे. आमचं यावर रोज बोलणं होतं.