पॅरिसच्या वेशीबाहेरचा लाल तारा

पॅरिस म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? आयफेल टॉवर, परफ्यूम, यश चोप्रांच्या सिनेमातलं एखादं गाणं. फुटबॉलवेडे असाल तर पीएसजी आणि एम्बापे. मलाही हेच आठवायचं. पण २०२३ च्या सप्टेंबरमध्ये नऊ महिन्यांच्या कोर्ससाठी तिथे गेले, आणि पॅरिसमधली भाडी बघून पहिल्याच आठवड्यात डोळे पांढरे झाले. शेवटी खोली मिळाली ती पॅरिसच्या वेशीबाहेर. शहराभोवती फिरणारा रिंग रोड ओलांडला की लगेच लागणारं उपनगर, नाव सँतुअँ. स्पेलिंग वाचून मी महिनाभर त्याला ‘सेंट ओवेन’ म्हणत होते आणि लोक सभ्यपणे हसत होते.

सँतुअँची टूरिस्टांना असलेली ओळख एकच, तिथला जुना बाजार. शनिवार, रविवार आणि सोमवार गल्ल्याच्या गल्ल्या भरतात. राजेशाही झुंबरांपासून तुटक्या बाहुल्यांपर्यंत काय वाट्टेल ते मिळतं. पण माझ्या घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “शुक्रवारी संध्याकाळी खिडकी बंद ठेव, मॅच असते.”

मी अर्थातच खिडकी उघडी ठेवली. आणि अख्खा सीझन त्या आवाजामागे गेला!

हिरव्या जर्सीचा रेड स्टार

क्लबचं नाव रेड स्टार, स्टेडियमचं नाव बोएर. जर्सी मात्र हिरवी-पांढरी, हा पहिला गोंधळ. दुसरा गोंधळ असा, की एवढ्या जुन्या क्लबचं नाव मी कधी ऐकलंच नव्हतं. रेड स्टारची स्थापना १८९७ ची. ती करणाऱ्यांत होता ज्यूल रिमे. हो, तोच, ज्याने पुढे ‘फिफा’चा अध्यक्ष होऊन १९३० मध्ये वर्ल्ड कप सुरू केला. म्हणजे आपण दर चार वर्षांनी रात्र-रात्र जागून जे बघतो, त्याचं बीज एका अर्थाने या क्लबच्या संस्थापकाच्या डोक्यातलं.

या क्लबने पाच वेळा फ्रेंच कप जिंकलाय. पण शेवटचा कधी? १९४२ मध्ये! पहिल्या डिव्हिजनमध्ये शेवटचा सीझन खेळले तो १९७४-७५ चा. मी गेले तेव्हा क्लब तिसऱ्या डिव्हिजनमध्ये होता. तिला ‘नास्योनाल’ म्हणतात.

या लीगचा फंडा समजून घ्यायला मला थोडा वेळ लागला. त्या वर्षी अठरा टीम, प्रत्येकी चौतीस मॅचेस. पहिल्या दोघांना थेट वर, म्हणजे लीग-२ मध्ये बढती. तळाच्यांना खाली ढकललं जातं. टीमची यादी वाचली की फ्रान्सचा नकाशाच उघडल्यासारखं वाटतं. राजवाड्याचं व्हर्साय, मोटार रेसचं ल माँ, रोमन अँफिथिएटरचं नीम. मिशेल प्लातिनी जिथून सुरू झाला ते नान्सी. आणि प्यूजो कारखान्याचं सोशो. हा सोशो तर दोनदा फ्रान्सचा चॅम्पियन झालेला क्लब. २०२३ मध्ये पैशांच्या भानगडीत बुडायला आला, तेव्हा स्थानिक गुंतवणूकदार आणि फॅन्सनी मिळून वाचवला, पण त्याला तिसऱ्या डिव्हिजनमध्ये यावं लागलं. थोडक्यात, ही लीग म्हणजे मोठं होऊ बघणाऱ्यांची आणि कधीकाळी मोठं असलेल्यांची एकच वेटिंग रूम आहे.

‘वर नको जायला’

ऑक्टोबरमध्ये एका शुक्रवारी पहिल्यांदा मॅचला गेले. कॉलेजमधून मेट्रोच्या तेरा नंबरच्या लाइनने यायचं. आपल्या लोकलची आठवण यावी इतकी गच्च भरलेली लाइन. स्टेडियमसमोर ‘लॉलिंपिक’ नावाचा बार आहे. मॅचच्या आधी अर्धी जनता तिथे रस्त्यावरच उभी असते. हातात बिअर, गळ्यात हिरवा मफलर. कोपऱ्यावर मेर्गेझची शेगडी. मेर्गेझ म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेला तिखट सॉसेज. लांब पावात तो आणि वर फ्रेंच फ्राइज कोंबून देतात. चार आठवडे बेचव सूप प्यायलेल्या मराठी जिभेला ते काय वाटलं असेल, तुम्हीच विचार करा.

गर्दी एकदम मिक्स. अल्जीरियातून, मालीतून आलेल्या घरांतली पोरं, दाढीवाले डिझायनर, नातवंडांना घेऊन आलेल्या आज्या, पॅरिसमधून खास ‘ऑथेंटिक’ अनुभव घ्यायला आलेले आयटीवाले. (मी कुठल्या गटात, ते विचारू नका.) एका गोलपोस्टच्या मागे तिरक्यातिरक्या कोनांची एक विचित्र बिल्डिंग आहे. तिच्या बाल्कन्यांतून लोक फुकटात मॅच बघतात. मैदानाच्या दुसऱ्या बाजूला क्रेन. जुनं स्टेडियम पाडून टप्प्याटप्प्याने नवं बांधायचं काम चालू होतं.

माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते. माझं मोडकं फ्रेंच आणि त्यांचं त्याहून मोडकं इंग्लिश, पण गप्पा जमल्या. मी आपलं बोलायचं म्हणून म्हटलं, “टीम छान खेळतेय. यंदा बढती मिळणार बहुतेक.”

आजोबांनी मान हलवली. “मिळेल. पण मला भीती वाटते. गेल्या वेळी वर गेलो तेव्हा घर गेलं होतं.”

मला वाटलं, ते स्वतःच्या घराबद्दल बोलतायत.

जिंकलं की घर सुटतं

गोष्ट अशी. २०१५ मध्ये रेड स्टार तिसऱ्या डिव्हिजनमधून वर गेला. पण लीग-२ चे नियम कडक. लाइट, सीट्स, सुरक्षा, टीव्ही कॅमेऱ्यांच्या जागा, सगळं ठरलेलं. १९०९ साली उघडलेलं बोएर त्यात बसेना. मग क्लबला ‘होम’ मॅचेस खेळायला बोव्हेला जावं लागलं. स्वस्तातल्या विमानाने युरोप फिरलेल्यांना हे नाव माहीत असेल. तिकिटावर ‘पॅरिस’ लिहिलेलं असतं आणि उतरल्यावर कळतं की पॅरिस अजून ऐंशी-एक किलोमीटर लांब आहे. तेच हे बोव्हे! पुढच्या सीझनला पॅरिसच्या श्रीमंत सोळाव्या वॉर्डातलं, थेट पीएसजीच्या स्टेडियमला लागून असलेलं मैदान मिळालं. २०१७ मध्ये टीम परत खाली घसरली. २०१८ मध्ये वर गेली, पुन्हा बोव्हे. २०१९ मध्ये पुन्हा खाली, आणि पुन्हा घरी.

म्हणजे बघा, जिंकलं की बेघर आणि हरलं की घरवापसी. शुक्रवारी कामावरून सुटून चालत मॅचला येणाऱ्या माणसाने बोव्हेला कसं जायचं आणि रात्री परत कसं यायचं?

यावर उपाय एकच होता, बोएरच नवं करायचं. त्याला पैसा हवा. नगरपालिकेने स्टेडियम एका बिल्डर ग्रुपला विकलं. दहा हजारांच्या आसपास क्षमता, सोबत दुकानं आणि ऑफिसं असा प्लॅन. क्लब विकायला निघाला तो मायामीच्या ‘७७७ पार्टनर्स’ला. इटलीतला जेनोआ, ब्राझीलमधला वास्को द गामा, बेल्जियमचा स्टँडर्ड लिएज असे क्लब गोळा करणारी ही कंपनी. फॅन्स भडकले. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी धुराच्या नळकांड्या मैदानात फेकून मॅच बंद पाडली. तरी मे महिन्यात सौदा झालाच.

आजोबांचा पेच इथे होता. स्टेडियम नवं झालं नाही तर जिंकून घर जाणार. झालं तर घर राहील, पण ते आपलंच असेल का? मी सोल्यूशन सुचवायच्या मूडमध्ये होते, पण तेवढ्यात गोल झाला आणि आजोबा माझ्या पायावर पाय देऊन उभे राहिले.

वीस वर्षांचा राइट विंगर

‘नुसत्या स्टेडियमसाठी एवढा जीव काढायचा?’ असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटलं होतं, फेब्रुवारीपर्यंत.

बोएर हे नावच मुळात एका डॉक्टरचं. जाँ-क्लोद बोएर सँतुअँमध्ये प्रॅक्टिस करायचे. नाझींविरुद्धच्या भूमिगत लढ्यात ते होते. १९४२ मध्ये जर्मनांनी त्यांना गोळ्या घातल्या. कट्टर फॅन्स बसतात त्या स्टँडला नाव आहे रिनो देल्ला नेग्राचं. इटालियन मजुराचा मुलगा, कारखान्यात काम करायचा आणि विंगवर भन्नाट पळायचा. १९४३ मध्ये त्याला सक्तीच्या मजुरीसाठी जर्मनीला जायचा हुकूम आला. तो गेला नाही, भूमिगत झाला. त्याच वर्षी रेड स्टारने त्याला टीममध्ये घेतलं. दिवसा फुटबॉल आणि उरलेल्या वेळात मिसाक मनुशियान या आर्मेनियन कवीच्या गटाबरोबर जर्मन सैन्यावर हल्ले. नोव्हेंबरमध्ये पकडला गेला. २१ फेब्रुवारी १९४४ ला मनुशियान आणि इतर साथीदारांबरोबर त्यालाही गोळ्या घातल्या. वय वर्षं वीस. धाकट्या भावाला लिहिलेल्या शेवटच्या पत्रात त्याने घरच्यांसोबत रेड स्टारच्या सगळ्यांनाही निरोप सांगितला होता.

बरोबर ऐंशी वर्षांनी, २१ फेब्रुवारी २०२४ ला, मनुशियान आणि त्यांच्या पत्नी मेलिने यांना फ्रान्सने पाँतेऑनमध्ये, म्हणजे देशातल्या थोर लोकांच्या समाधिस्थळी नेलं. तिथल्या फलकावर साथीदारांची नावं कोरली गेली, त्यात रिनोचंही. त्या संध्याकाळी मी तिथल्या रस्त्यावर पावसात उभी होते. गर्दीत मधूनच एखादा हिरवा मफलर दिसत होता. त्या दिवशी मला कळलं की आजोबा ‘घर’ कशाला म्हणत होते. हे लोक सीटसाठी भांडत नव्हते. रिनोचा निरोप ज्या पत्त्यावर आला, तो पत्ता त्यांना बदलू द्यायचा नव्हता.

अखेर चॅम्पियन

मैदानावर मात्र सगळं झकास चाललं होतं. कोच हबीब बेय. मार्सेय आणि न्यूकॅसलकडून खेळलेला सेनेगलचा डिफेंडर, नंतर टीव्हीवरचा एक्स्पर्ट. हेड कोच म्हणून हा त्याचा पहिलाच क्लब. २०२३ मध्ये बढती अगदी थोडक्यात हुकली होती. या वेळी टीमने चूक केली नाही. २०२३-२४ चा सीझन रेड स्टारने अव्वल नंबरावर संपवला. चॅम्पियन! पाच वर्षांनी पुन्हा लीग-२.

आणि गंमत बघा. ज्या महिन्यात टीम सेलिब्रेट करत होती, त्याच मे महिन्यात मालक कंपनीवर न्यूयॉर्कच्या कोर्टात फसवणुकीचा दावा दाखल झाल्याची बातमी आली. दावा करणारी लंडनची एक गुंतवणूक कंपनी. वास्कोचा ताबाही तिकडे कोर्टाने काढून घेतला. ‘लॉलिंपिक’समोर लोक नाचतही होते आणि मोबाइलवर ही बातमीही वाचत होते.

माझीही एक बातमी होती. ऑलिंपिक तोंडावर आलं होतं. खेळाडूंचं गाव सँतुअँ आणि शेजारच्या सँ-दनीमध्येच उभं राहत होतं. भाड्याचे आकडे वेड्यासारखे वर चढत होते. घरमालकीणबाईंनी गोड हसत सांगितलं, “जूनपासून खोली मला टूरिस्टांना द्यायचीये, तू समजून घेशील.” कोर्स जूनअखेर संपणार होता. शेवटचे काही आठवडे मी एका मैत्रिणीच्या सोफ्यावर काढले, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला.

जायच्या आधी आजोबांना शोधत बारपाशी गेले. ते होते. मी माझं रडगाणं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बघ, टीम वर गेली आणि या वेळी घर तुझं गेलं.” मग स्वतःच माझ्या कॉफीचे पैसे दिले.

२०२४-२५ मध्ये रेड स्टार लीग-२ मध्ये खेळला, तो बोएरमध्येच. ना बोव्हे, ना सोळावा वॉर्ड. कोच बेय गेला. त्याच्या जागी आला ग्रेगरी प्वारिए, त्याच वर्षी दुसऱ्या नंबरावर राहून वर आलेल्या मार्तिग टीमचा कोच. टीम लीग-२ मध्ये टिकलीही. मालकीचा प्रश्न सुटला असं नाही, पण शुक्रवारी सँतुअँची माणसं चालत मॅचला जाऊ शकली. आजोबा नव्या स्टँडमध्ये बसले की रुसून घरी राहिले, ते मला माहीत नाही. माझी पैज नव्या स्टँडवर आहे. रुसूनसुद्धा बसले असतील.

जाणार असाल तर...

मेट्रोच्या १३ किंवा १४ नंबरच्या लाइनने ‘मेरी द सँतुअँ’ स्टेशनला उतरा, तिथून चालत जा. १४ नंबर इथवर २०२० मध्ये आली. ती जास्त आरामाची. क्लब आता वरच्या लीगमध्ये असल्याने मॅच शुक्रवारीच असेल असं नाही, तेव्हा वेळापत्रक बघून तिकीट आधी काढा. मॅच शुक्रवारी असेल तर शनिवारी सकाळी जुना बाजार गाठा. मेर्गेझ तिखट सॉस लावून मागा. आणि कुणी ‘पीएसजी की रेड स्टार?’ असं विचारलं तर उत्तर नीट विचार करून द्या, शेजारी कोण बसलंय ते बघून!