लास्ट ऑर्डर!

होस्टेलवर ‘नाईट’ या शब्दाचे दोनच अर्थ आहेत. पहिला, सबमिशनच्या आदल्या दिवशी मारलेली नाईट. दुसरा, सिनेमात पाहिलेली मुंबईची झगमगती नाईट! पहिलीत आपण सगळेच पीएच.डी. आहोत. दुसरीची थोडी ओळख ट्रेनिंगसाठी महिनाभर मुंबईत राहिलो तेव्हा झाली.

आधी कायदा सांगतो, नाहीतर आमचे रेक्टर हा लेख इथेच थांबवतील! महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण लागतं आणि व्हिस्की-रमसाठी २५. म्हणजे बी.ई. होऊन नोकरी लागली तरी पार्टी बिअरवरच. शिवाय प्यायला परवानाही लागतो! १९४९ च्या दारूबंदी कायद्याची ही शिल्लक. बारच्या पाटीवर ‘परमिट रूम’ का लिहितात, ते कोडं तेव्हा सुटलं. आमच्या चौघांत एकवीसचा एकच. बाकी तिघं सोडा आणि चाखण्यावर.

सुरुवात अर्थातच कुलाब्यापासून. १८७१ सालचं लिओपोल्ड. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातल्या गोळ्यांच्या खुणा तिथे अजून जपून ठेवल्यात, आणि त्यांच्या शेजारीच लोक गप्पा मारत जेवतात. जवळच मोंडेगार. तिथल्या भिंतीवरची मारिओ मिरांडांची चित्रं पाहायला पैसे पडत नाहीत, म्हणून आम्ही ती जास्त वेळ पाहिली. मेन्यूकार्ड मात्र उजवीकडून वाचलं राव!

खिशाला परवडली ती उपनगरातली, स्टेशनजवळची एक परमिट रूम. मंद दिवा, मसाला पापड, कोपऱ्यात आवाज बंद केलेला टीव्ही. तिथले वेटरकाका आपल्याच भागातले निघाले. गावाचं नाव ऐकल्यावर शेंगदाण्यांची बशी आपोआप भरायला लागली. पूर्वी ते डान्सबारमध्ये होते. २००५ मध्ये बंदी आली आणि काम गेलं. दोन वर्षं गावी दुसऱ्याच्या रानात रोजंदारी केली, मग परत आले.

“आम्ही आलो परत. त्या पोरी कुठं गेल्या, कुणी विचारलं नाही. एक तर दोन भावांना शिकवत होती.”

यावर आमचा पनवेलकडचा मित्र उसळला. “काका, बंदी बरोबरच होती! आमच्या चुलत्यानं जमिनीचे पैसे आले ते सगळे तिथंच उडवले. काकू आजही दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटते.”

काका गप्प झाले. आम्हीही. त्या टेबलावर दोघंही खरं बोलत होते, आणि दोघांनाही उत्तर देणं मला जमलं नाही.

नंतर मी वाचून काढलं. ती बंदी तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना, क्लबांना लागू नव्हती! मुंबई हायकोर्टाने २००६ मध्ये ती रद्द केली, सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये तो निकाल कायम ठेवला. सरकारने पुन्हा कायदे केले आणि २०१९ मध्ये कोर्टाने त्यातल्या बऱ्याच अटी काढल्या. नाच वाईट असेल तर तारे लावल्याने चांगला कसा होतो? माझ्या मते काकूचं दुःख खरं होतं, पण त्या कायद्याने तिला तिचे पैसे परत दिले नाहीत. फक्त गरिबाचा बार बंद झाला.

‘लास्ट ऑर्डर’ झाली की गिऱ्हाईक घरी जातं. त्यानंतर ग्लास विसळले जातात, फरशी पुसली जाते, टेबलं जोडून त्यांवरच अंथरुणं पडतात. बाहेर सायकलवरचा चहावाला टॅक्सीवाल्यांना चहा देत उभा असतो. आपण जिला नाईटलाईफ म्हणतो, ती या लोकांची नाईटशिफ्ट आहे.

तेव्हा दोस्तांनो, एकवीस-पंचवीस पूर्ण झाल्यावर मुंबईत जरूर फिरा. बिल टीटीएमएम करा, पण वेटरची टिप त्यातून कापू नका!