चिटणिसाची वही

आमच्या घरी कोणी नवे पाहुणे आले आणि बोलण्याच्या ओघात मी टेनिस क्लबाचा चिटणीस आहे असे त्यांस कळले, म्हणजे त्यांची दृष्टी प्रथम माझ्या पोटाकडे वळते. हा गृहस्थ रोज खेळत असेल हे त्यांस खरे वाटत नाही, आणि त्यांचा संशय रास्तच असतो. चिटणीस झाल्यापासून रॅकेट हाती धरण्याचे प्रसंग बोटांवर मोजता येतील इतकेच आले. सणाच्या दिवशी एकत्र कुटुंबात सर्वांच्या शेवटी जेवावयास कोण बसते हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांस चिटणिसाची स्थिती निराळी समजावून सांगावयास नको.

हे काम माझ्याकडे वारशानेच आले म्हणा ना! माझे बालपण साताऱ्यास गेले. वडील तेथील एका लहानशा क्लबाचे चिटणीस होते. अजिंक्यताऱ्याच्या छायेत मातीची दोन कोर्टे आणि पत्र्याची एक खोली, एवढाच त्याचा संसार. त्या काळी चेंडू पांढरे असत. चार दिवस खेळले की ते विटकरी होत. रविवारी दुपारी वडील ओसरीवर बसून एकेक चेंडू पारखीत. १०० इंचांवरून सोडलेला चेंडू ५३ ते ५८ इंच उसळला पाहिजे असा नियम आहे. त्या उंचीच्या खुणा वडिलांनी ओसरीच्या खांबावर कोळशाने करून ठेवल्या होत्या, आणि आईस त्या मुळीच खपत नसत. कसोटीस उतरलेले चेंडू मोठ्या मंडळींस, मंदावलेले आम्हां मुलांस. ‘‘खेळ दोन तासांचा,’’ वडील म्हणत, ‘‘उरलेले बावीस तास कोर्टाचे.’’ या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

पुढे नोकरीच्या निमित्ताने मी कृष्णेच्या काठाकाठानेच सांगलीस आलो, आणि काही वर्षांत येथील एका क्लबाची वही माझ्या हाती आली. नदी एकच, पण माती निराळी. साताऱ्यास पाय ठेवू तेथे मुरूम. सांगलीची काळी माती ऊस-हळदीस कितीही मानवो, टेनिसला मानवत नाही. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून ती उकरून काढून तळाशी दगड, त्यावर खडी, त्यावर मुरूम आणि माथ्यावर चाळलेल्या मातीचा थर द्यावा लागतो. इतके करूनही ७८ फूट लांब व ३६ फूट रुंद असे हे अंगण रोज राखावे लागते ते लागतेच. पहाटे पाणी मारावयाचे. ओल बेताची राहिली की रोलर फिरवावयाचा. मग झाडावयाचे, फक्कीच्या रेषा ओढावयाच्या आणि नेट मध्यभागी बरोबर ३ फूट भरेल असे ताणावयाचे. पाणी अधिक झाले तर रोलरला माती चिकटते; कमी झाले तर दुपारपर्यंत कोर्टाची धूळ होते. ही ओल हाताच्या तळव्याने ओळखणारा मनुष्य आमच्याकडे एकच आहे. तो म्हणजे आमचा माळी. लहानथोर सारे त्यांस मामा म्हणतात.

चिटणिसाच्या वाट्यास उरतात ती भांडणे. संध्याकाळी पाच ते सातची वेळ सर्वांसच हवी असते. ज्यांची वर्गणी अधिक थकलेली, त्यांस चेंडू अधिक जुने वाटतात. सकाळचा एक तास सुनालेकींसाठी राखावा असे मी सुचविले तेव्हा बऱ्याच भुवया वर चढल्या. मी संस्कृतात काव्यरचना करणाऱ्या पंडिता क्षमाबाई राव यांचे नाव घेतले. त्या स्वतः टेनिस खेळत, आणि त्यांची कन्या लीला १९३४ साली विम्बल्डनला सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. ठराव संमत झाला. मुलांचा तास काढून घेण्याची सूचना आली तेव्हा १९३३ साली याच सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर उपयोगी पडले. बॅडमिंटनमध्ये कीर्ती मिळविण्यापूर्वी तेही टेनिसच खेळत असत. अशी भांडणे मिटविता मिटविता आपण उत्तम चिटणीस आहो, असे मला वाटू लागले होते.

२०१९ च्या जुलैत मामा न कळविता तीन दिवस आले नाहीत. कोर्टे तशीच पडून राहिली आणि सभासदांनी मला धारेवर धरले. मामा परतले तेव्हा ‘‘घरी अडचण होती’’ एवढेच म्हणाले. मी अधिक विचारले नाही. नियमाप्रमाणे तीन दिवसांचा पगार कापला, आणि वहीत ती नोंद सुवाच्य अक्षरांत केली.

ऑगस्टात वर महाबळेश्वर-कोयनेच्या बाजूस पाऊस कोसळू लागला. तिकडचे पाणी सांगलीस पूर होऊन येते. आयर्विन पुलापाशी ४५ फुटांस धोक्याची पातळी धरतात. त्या वर्षी कृष्णा ५७ फुटांवर गेली. आम्ही घरची मंडळी विश्रामबागेस आप्तांकडे होतो. क्लबाची आठवण मला त्या दिवसांत एकदाही झाली नाही, हे कबूल केले पाहिजे.

पाणी उतरल्यावर गेलो. कोर्टांवर गुडघाभर गाळ होता. खोलीतील कपाट आडवे पडले होते. मामा फाटकाशी उभे होते. ‘‘साहेब, नेट भिजली न्हाईत. वह्या बी कोरड्या हायती,’’ ते म्हणाले. पाणी चढण्याच्या आदल्या रात्री त्यांनी सारे डोक्यावरून उंचावरच्या एका नातलगाकडे नेले होते. त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र छपरापर्यंत पाणी होते. त्यांचा नातू जुलैत तीन दिवस मिरजेस दवाखान्यात होता, हेही मला त्याच दिवशी त्यांच्या पत्नीकडून कळले. मामांनी वह्या माझ्या हाती दिल्या. त्यांत ती सुवाच्य नोंदही कोरडी आणि स्वच्छ होती.

पुढे सभेत काहींनी तिन्ही कोर्टे सिमेंटची करून त्यांवर रंगाचा थर द्यावा असे सुचविले. पाणी नको, रोलर नको, माळीही नको. सूचना अडाणीपणाची नव्हती. पावसानंतर असे कोर्ट लवकर सुकते, हे खरेच आहे. पण मातीवर गुडघ्यांस सुख असते, चेंडू संथ येतो आणि म्हाताऱ्यांसही खेळता येते. एवढे सांगून मी वह्यांची हकीकतही सांगितली. अखेर एक कोर्ट पक्के आणि दोन मातीची, असे ठरले. गाळ काढावयास पुष्कळ सभासद घमेली घेऊन आले, थकबाकीदारही आले.

मामांचे तीन दिवसांचे पैसे मी परत दिले, आणि खर्चाच्या रकान्यात कारण लिहिले : ‘चिटणिसाची चूक’. हिशेबतपासनिसांनी हरकत घेतली. हे कारण खर्चाच्या कोणत्याच सदरात बसत नाही, असे त्यांचे म्हणणे. ते बरोबरच आहे. परंतु मी ते अद्याप खोडलेले नाही.