अकरा फ्रेमांचा सांगाडा

1978 च्या गणपतीत गिरगावातल्या आमच्या चाळीच्या मंडळाने एक धाडस केलं. चौकात पडदा बांधून एक रात्र मराठी नाहीतर हिंदी चित्रपट दाखवायचा, हा दरवर्षीचा शिरस्ता. त्या वर्षी प्रोजेक्टर भाड्याने देणाऱ्याकडे हवा तो चित्रपट नव्हता. ‘पोरं खूश होतील’ म्हणत त्याने डबे हातात ठेवले ते ‘द सेव्हन्थ व्हॉयेज ऑफ सिन्बाद’चे. हॉलिवूडचा, तोही 1958 सालचा. कमिटीत कुरकुर झाली. शेवटी अण्णा म्हणाले, “माईक माझ्याकडे द्या. मी सांगतो समजावून.”

अण्णा दुसऱ्या मजल्यावरचे, पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांचं इंग्रजी तारेच्या मजकुराएवढं. पण कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या अरबी गोष्टी त्यांना तोंडपाठ होत्या. घोटाळा तिथेच झाला. पडद्यावर बोकडाच्या पायांचा एकडोळ्या सायक्लॉप्स आला, पोरं किंचाळली आणि अण्णा माईकवरून चिडले, “अहो, माणसं भाजून खाणारा राक्षस तिसऱ्या सफरीतला! सातव्या सफरीत याचं काय काम?” पुढे खलाशांनी रॉक पक्ष्याचं अंडं फोडलं. “ही पाचवी सफर. आणि पक्ष्याला दोन डोकी कुणी लावली?”

अण्णांचं खरंच होतं. नाव सातव्या सफरीचं, माल इकडून तिकडून उचललेला. वर दिव्यातला जिन्न, तोही दहा-बारा वर्षांचा पोरगा. सोकुरा नावाचा टक्कल केलेला जादूगार राजकन्येला बोटभर करून टाकतो. तिला पुन्हा मोठं करायला रॉकच्या अंड्याचं कवच हवं, म्हणून सगळे राक्षसांच्या बेटावर निघतात. राजकन्येच्या राज्याचं नाव चंद्रा आहे म्हटल्यावर बायकांच्या रांगेतून “आपल्यातलीच दिसते” असं कुणीतरी म्हणालं. प्रेमाचे प्रसंग मात्र अळणी. तेवढ्यात चहा फिरवून झाला. राक्षस एका खलाशाला सळईला बांधून शेकोटीवर फिरवतो आणि जिभल्या चाटतो, तेव्हा चहा तसाच हातात राहिला.

मग आली सांगाड्याची लढाई. सोकुरा गुहेत टांगलेल्या सांगाड्यात जीव आणतो, तो ढाल-तलवार घेऊन सिंदबादवर धावतो. पार्श्वसंगीतात खडखड, जणू हाडंच वाजताहेत. (ती संगीतकार बर्नार्ड हर्मनची झायलोफोनची करामत, हे फार नंतर कळलं.) अण्णा म्हणाले, “घाबरू नका रे. काळ्या कपड्यांवर पांढऱ्या रंगाने हाडं काढलीत. दशावतारी नट आहे आत.”

एवढ्यात चित्र थबकलं. सिंदबादच्या खांद्यावर तपकिरी डाग उमटला, त्याला फोड आला आणि पडदाभर पसरून पांढरा उजेड झाला. फिल्म अडकून दिव्याने जळली होती. मशीनवाल्याने शांतपणे कात्री काढली, जळकं टोक आणि भोकं फाटलेला पुढचा तुकडा कापला, ब्लेडने कड खरवडली, कुपीतलं उग्र वासाचं सिमेंट लावून दोन टोकं दाबून धरली. मी त्याच्या कोपराशीच उभा होतो. कापलेला तुकडा त्याने माझ्या हातात दिला. “ठेव. तुझा सांगाडा.”

तो तुकडा माझ्या मधल्या बोटाएवढा. दुसऱ्या दिवशी मी अण्णांचंच पंचांग वाचायचं भिंग मागून आणलं आणि तुकडा बल्बसमोर धरला. अकरा चित्रं, एकासारखी एक. नीट पाहिल्यावर तलवारीचं टोक दर चित्रात केसभर खाली आलेलं दिसलं. आणखी एक गोष्ट दिसली, त्याने मी जिना धावतच चढलो. बरगड्यांच्या फटींतून मागची दगडी भिंत दिसत होती. काळा कपडा नव्हताच! अण्णांनी बराच वेळ पाहिलं, भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं. “मग आत कोण आहे?” एवढंच विचारलं.

आत कुणी नव्हतं, हे कळायला मला कॉलेजात एका जुन्या मासिकाची रद्दी मिळावी लागली. रे हॅरीहाउसेन नावाचा माणूस, लॉस एंजेलिसचा. 1933 मध्ये, तेराव्या वर्षी ‘किंग काँग’ पाहून वेडा झालेला. सांध्यासांध्यांतून वळणारा, वीतभर उंचीचा सांगाडा. मागे छोट्या पडद्यावर सिंदबादचं आधीच चित्रित केलेलं दृश्य एकेक फ्रेम पुढे सरकवायचं, सांगाडा तेवढाच हलवायचा, एक फ्रेम टिपायची. सेकंदाला चोवीस. चित्रपटातल्या अशा सगळ्या करामतींना अकरा महिने लागले. आणि सिंदबाद झालेला केर्विन मॅथ्यूज? तलवारबाजीच्या इटालियन उस्तादाबरोबर त्याने पावलं मोजून तालीम केली, मग उस्ताद बाजूला झाला आणि तो हवेशी लढला. बाकी चित्रपटात तो मला लाकडी वाटतो. पण रिकाम्या हवेत त्याची तलवार जिथे अडते, तिथे खरोखर काहीतरी आहे असं वाटतं. ब्रिटनच्या सेन्सॉरने ही लढाई मुलांना झेपणार नाही म्हणून कापली होती. गिरगावात ती फिल्म अडकल्यामुळे कापली गेली.

गेल्या मे महिन्यात भाची सुट्टीला आली. तिला फोनवर असलंच काही करायचं होतं. मातीचा मावळा केला, सेकंदाला बारा फोटो ठरवले. डावा हात वर जातोय की खाली येतोय, हे दर फोटोला विसरायला होई. मध्ये दारावर दूधवाला आला, परत आलो तर मावळा नेमका कुठवर वळला होता कुणालाच आठवेना. अख्ख्या दुपारीत चार सेकंद झाले आणि माझ्याच कोपराने स्टँड पाडला. याच हॅरीहाउसेनने पुढे, 1963 च्या ‘जेसन अँड द आर्गोनॉट्स’मध्ये, सात सांगाडे एकदम लढवले हे सांगितल्यावर तिने मातीचा गोळा डब्यात टाकून झाकण लावलं.

त्या संध्याकाळी मी पत्र्याच्या डबीतून तुकडा काढला. निळे-हिरवे रंग उडून गेलेत, उरलाय तो लाल. “गुलाबी सांगाडा!” भाची म्हणाली. मग तिनेच लॅपटॉपवर चित्रपट लावला आणि बाणाचं बटण दाबत एकेक फ्रेम सरकवत राहिली. तलवार वर, ढाल तिरकी, सिंदबादची मान वळलेली. “ही बघ मामा, पहिली.” आम्ही तुकडा पडद्याशेजारी धरून मोजलं. अकराच्या अकरा जुळल्या. बटण सोडून तिने तेवढा भाग चालवला, तर अर्धा सेकंदसुद्धा भरला नाही.

“एवढंच?”

एवढंच. त्या रात्री चौकात बसलेल्यांपैकी कुणी ते पाहिलं नव्हतं. अण्णांनीही नाही. पडद्यावर सांगाड्याची तलवार वर होती आणि एकदम खाली आली होती.