विळीचा दोष नव्हता

१९८९ साली माझा पहिला मुलगा अवघे तीन दिवस जगला. जन्मला तेव्हा चांगला रडला, अंगावर प्यालाही. तिसऱ्या दिवशी पहाटे त्याने दूध सोडले, ओठ जांभळे पडले. दवाखान्यात नेईपर्यंत सारे संपले. "हिने ग्रहणात विळी धरली असेल," असे चाळीतल्या बायका बोलल्या. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. तेच मला अधिक लागले.

२०१९ साली माझ्या मुलीला मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी बाळाच्या उजव्या हाताला आणि पायाला प्राणवायू मोजण्याचे यंत्र लावले. ९५च्या वर हवा तो आकडा ८४ आला. बाळ तर शांत झोपले होते! लगेच मोठ्या रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावले.

"आजी, पोटात असताना बाळाला प्राणवायू वारेतून मिळतो. फुप्फुसांना काम नसते. म्हणून फुप्फुसाची रक्तवाहिनी आणि शरीराची महारोहिणी यांना जोडणारी एक लहान नळी असते. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत ती मिटते. पण हिच्या हृदयातून फुप्फुसाकडे जाणारी वाटच बंद आहे. ही नळी उघडी आहे, तोवरच हिला आधार आहे."

दोन-तीन दिवस! माझे पाय गळाले. मी विचारले, "माझ्या मुलालाही हेच झाले होते का?"

"तपासणीशिवाय सांगता येणार नाही. पण विळी धरल्याने हृदय बिघडत नाही, हे नक्की."

तीस वर्षांनी मी मोकळेपणी रडले.

नळी उघडी राहावी म्हणून प्रोस्टाग्लँडिन हे औषध शिरेतून सुरू केले. त्याने बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो, म्हणून रात्रंदिवस पहारा होता. मग शस्त्रक्रिया करून हाताकडे जाणाऱ्या रोहिणीपासून फुप्फुसाच्या रोहिणीपर्यंत कृत्रिम नळी जोडली. या शस्त्रक्रियेची मूळ रीत १९४४ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात प्रथम वापरली गेली. प्रयोगशाळेत ती बसवणारे व्हिव्हियन थॉमस हे कृष्णवर्णीय सहायक होते. त्यांना कॉलेजात शिकता आले नव्हते. शस्त्रक्रियेच्या वेळी ते सर्जन ब्लॅलॉक यांच्या मागे उभे राहून सूचना देत होते. नाव मात्र ब्लॅलॉक आणि टॉसिग यांचेच लागले. थॉमस यांना मानद डॉक्टरेट मिळाली ती १९७६ साली! माझी नात मोठी झाली की तिला हे नाव मी पाठ करायला लावणार आहे.

तिची पुढची शस्त्रक्रियाही झाली. आता ती शाळेत जाते. तपासणीला मात्र वेळच्या वेळी न्यावे लागते.

भगिनींनो, घरी सोडण्याआधी बाळाचा प्राणवायू मोजला का, हे विचारा. ओठ-जीभ निळसर दिसली, दूध ओढताना दम लागला, घाम आला, बाळ मलूल पडले, तर मीठ-मोहरी ओवाळत बसू नका; त्याच घटकेला रुग्णालय गाठा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोषाची तपासणी आणि उपचार मोफत मिळतात. आणि ज्या आईचे बाळ गेले, तिला बोल लावू नका. तो बोल मी तीस वर्षे वाहिला आहे.